मशीन बदलू नका, डिस्क बदला

"मशीन जुनं झालंय, नवीन घ्या." हे वाक्य गेल्या वीस वर्षांत मी इतक्या तोंडांतून ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की डोकं फिरतं. ते म्हणणाऱ्या बहुतेकांनी त्या मशीनचं झाकणसुद्धा उघडलेलं नसतं. नक्की काय जुनं झालं, कुठला भाग अडतोय, तो एकटा बदलता येतो का, यातला एकही प्रश्न न विचारता चाळीस-पन्नास हजारांचा निकाल दिला जातो आणि आपण मान खाली घालून तो ऐकतो. मी हा निकाल मानत नाही. घरात, दुकानात, शाळेत, वाचनालयात रडतखडत चालणारे जे डेस्कटॉप आज भंगारात निघताहेत, त्यांतले कितीतरी धडधाकट आहेत. त्यांच्यातली एक फिरती तबकडी बाजूला करून तिथे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, बसवली की ते आणखी काही वर्षं बिनतक्रार काम करतील. संगणकाच्या धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक असतं. तरीही गिऱ्हाइकाला ते सांगितलं जात नाही. माझा राग त्या न सांगण्यावर आहे.

मी सांगलीत अक्षरजुळणीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि वर्षातून एकदा दोन-तीन दिवाळी अंक. २०१४ साली मी एक डेस्कटॉप जोडून घेतला. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. २०२२च्या पावसाळ्यापर्यंत त्याची अशी अवस्था झाली, की सकाळी बटण दाबून मी दुकानाचा केर काढायचे, तसबिरीला हार घालायचे, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. एक दिवस घड्याळ लावून मोजलं. बटण दाबल्यापासून पेजमेकरमध्ये पहिलं अक्षर उमटेपर्यंत नऊ मिनिटं लागली. एखादी फाइल सेव्ह करायला सांगितली की पडदा गोठायचा. गिऱ्हाईक समोर बसलेलं, पत्रिकेतलं एक आडनाव बदलायचं, आणि आम्ही दोघं त्या गोठलेल्या पडद्याकडे बघत बसायचो.

दिवाळी अंक तोंडावर होते. मी दुकानदाराकडे गेले. त्याने मशीन न पाहता सांगितलं, "ताई, आठ वर्षं झाली ना? मग त्याचा जीव गेला आता." ४२ हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. मी पैशांची जुळवाजुळव सुरूही केली होती. त्या आठवड्यात मिरजेचा एक ओळखीचा मुलगा यूपीएस दुरुस्त करायला आला. त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, टास्क मॅनेजर उघडला आणि बोट ठेवून दाखवलं. प्रोसेसर ७ टक्के. डिस्क १०० टक्के. "ताई, प्रोसेसर रिकामा बसलाय. डिस्क धापा टाकतेय. मशीन कशाला बदलताय?" आठ वर्षांत कुणीही मला एवढं सांगितलं नव्हतं. मी ते कोटेशन पुन्हा काढून ओळीओळीने वाचलं. चौथ्या ओळीत लिहिलं होतं : १ टीबी हार्ड डिस्क. म्हणजे ज्या भागामुळे माझं काम अडलं होतं, तोच भाग नव्या डब्यात घालून मला ४२ हजारांना विकला जाणार होता.

मी १,९०० रुपयांची २५६ जीबीची एसएसडी घेतली, दीडशे रुपयांत बसवायची पट्टी आणि केबल आली. त्याच मशीनवर तेच विंडोज, तोच पेजमेकर, मराठी फॉन्टसाठी तीच श्रीलिपी. पहिलं अक्षर उमटायला पाऊण मिनिट लागलं. त्या वर्षीचे तीनही अंक त्याच मशीनवर झाले आणि हा लेखही मी त्याच मशीनवर लिहिते आहे.

यात चमत्कार काही नाही. हिशेब आहे, आणि तो शाळेतल्या मुलालाही समजेल. हार्ड डिस्कमध्ये चुंबकी थर दिलेल्या तबकड्या फिरतात आणि एका दांडीच्या टोकाला असलेलं शीर्ष त्यांच्यावरून सरकत माहिती वाचतं. डेस्कटॉपमधली डिस्क साधारणपणे मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला सव्वाआठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. हवी ती माहिती शीर्षाखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, म्हणजे चार मिलिसेकंद. त्याआधी शीर्षाला योग्य पट्ट्यावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. दोन्ही मिळून बारा-तेरा. याचा अर्थ, माहिती विखुरलेली असेल तर ही डिस्क सेकंदाला ऐंशीच्या आसपास तुकडे उचलू शकते, त्यापेक्षा फार जास्त नाही. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान तुकडे ठिकठिकाणहून वाचतं. समजा दहा हजार तुकडे असतील, तर नुसतं वाचायला दोन मिनिटांहून जास्त वेळ. त्यातच अँटिव्हायरसची तपासणी सुरू होते, अपडेट उतरू लागतं, शोधासाठी फाइलींची सूची तयार व्हायला लागते. सगळे एकाच दांडीला वेगवेगळ्या दिशांना ओढतात. रॅम ४ जीबीच असेल तर ती भरल्यावर विंडोज उरलेला पसाराही याच डिस्कवर नेऊन ठेवतं. डिस्क १०० टक्के दिसते ती यामुळे.

एसएसडीत फिरणारं, सरकणारं काहीच नाही. माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली मांडलेल्या नँड फ्लॅश स्मृतीवर ती चालते. कुठलाही तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात हाती येतो. तेच दहा हजार तुकडे सेकंदाभरात वाचून होतात. माझ्या प्रोसेसरचा वेग ३.४ गिगाहर्ट्झ आहे. हार्ड डिस्ककडून एक तुकडा येईपर्यंतच्या बारा मिलिसेकंदांत त्याचे चार कोटी ठोके वाया जायचे. अशा प्रोसेसरला म्हातारा म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची पहिली डिस्क सीगेटने १९९२ साली आणली. पुढच्या तीस वर्षांत प्रोसेसर कुठल्या कुठे गेले, रॅम शेकडो पटींनी वाढली, आणि साध्या डेस्कटॉपमधली तबकडी मात्र त्याच ७,२०० फेऱ्यांवर फिरत राहिली. तिच्यावरच्या माहितीची दाटी वाढली. तिची वाट पाहण्याचा वेळ फारसा घटला नाही.

आता पहिला आरोप विकणाऱ्यांवर. ते आकडा विकतात. "१ टीबी" हा शब्द "२५६ जीबी"पेक्षा मोठा ऐकू येतो, म्हणून तो मोठ्या अक्षरांत छापला जातो. वेग कुणी छापत नाही. माझ्या दुकानात येणारे शिक्षक, वकील, पतसंस्थेचे व्यवस्थापक, सगळे मला अभिमानाने सांगतात की त्यांच्या मशीनमध्ये एक टीबी आहे. त्यातलं भरलंय किती, असं विचारलं की ऐंशी, नव्वद, फार तर दीडशे जीबी निघतं. उरलेल्या जागेचे पैसे त्यांनी दिले, आणि त्या रिकाम्या जागेच्या मोबदल्यात रोजची वाट पाहणं विकत घेतलं. विकणाऱ्याने दोन वाक्यांत फरक सांगितला असता तर एकाही शहाण्या माणसाने असा सौदा केला नसता. माझं मत स्पष्ट आहे : आजच्या काळात जो कुणी विंडोज चालवण्यासाठी नुसती हार्ड डिस्क घातलेला नवा डेस्कटॉप गिऱ्हाइकाच्या माथी मारतो, तो फसवणूक करतो.

यात बड्या कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. कौलं जशी एकावर एक चढवून बसवतात, तसे माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून कमी जागेत जास्त माहिती बसवण्याचं तंत्र हार्ड डिस्कमध्ये आलं. त्यात एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, म्हणून लिखाण मंदावतं. वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही कंपन्यांनी आपल्या काही डिस्कमध्ये हे तंत्र गिऱ्हाइकाला स्पष्ट न सांगता वापरल्याचं २०२० साली उघडकीस आलं. एसएसडीचं जगही स्वच्छ नाही. २०२१ साली वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० या ड्राइव्हमधल्या चिप नाव तेच ठेवून बदलल्याचं परीक्षकांनी दाखवून दिलं. मोठ्या फाइली लिहिताना तिचा वेग आधीपेक्षा घसरत होता. यापुढे असा बदल केला तर मॉडेलचा क्रमांक बदलू, असं कंपनीला नंतर सांगावं लागलं. ही माणसं परीक्षकांच्या माऱ्यानंतर बोलतात. आधी बोलणं त्यांच्यावर बंधनकारक असायला हवं.

दुसरा आरोप "फॉरमॅट मारा" संप्रदायावर. मशीन मंद झालं की आपल्याकडे एकच औषध दिलं जातं. तीनशे ते पाचशे रुपये घ्यायचे, विंडोज पुसून पुन्हा टाकायचं. आठ दिवस मशीन बरं वाटतं, कारण त्यात काहीच उरलेलं नसतं. मग प्रोग्राम परत येतात, अपडेट परत येतात आणि तबकडी तीच असल्यामुळे मशीन पुन्हा जिथल्या तिथे. दरम्यान माणसाचं किती गेलं, याची मोजदाद कोण करणार? माझ्या एका गिऱ्हाइकाचं, एका निवृत्त शिक्षकाचं, गावच्या इतिहासाचं सात वर्षं जमवलेलं टिपण असंच गेलं. ते डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये होतं, आणि फॉरमॅट मारणाऱ्याने फक्त डी ड्राइव्ह राखला. त्या माणसाला पुन्हा लिहायचं बळ उरलं नाही. अक्षरजुळणीच्या धंद्यात तर फॉरमॅट म्हणजे संकटच. जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नाहीत, प्रत्येक सॉफ्टवेअरची बांधणी वेगळी. एक फॉन्ट गायब झाला की वीस वर्षांच्या फाइली उघडतात खऱ्या, पण पडद्यावर निरर्थक चिन्हं दिसतात. डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन केली तर यातलं काहीच हलत नाही. तरीही कारागीर फॉरमॅटच सुचवतो, कारण त्यात डोकं लागत नाही आणि सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत येतं.

तिसरा आरोप आपल्या संस्थांवर. आमच्या भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी आहे. २०२३ साली सभेपुढे विषय आला : पाच संगणकांचं निर्लेखन आणि नवीन खरेदी. अंदाज दोन लाख दहा हजारांचा. तांत्रिक अहवाल म्हणून जोडलेल्या कागदावर एकच ओळ होती, "संगणक कालबाह्य झाले आहेत." कुणी तपासले, काय मोजलं, काहीही नाही. सोबत नव्या खरेदीचा तक्ता होता, तो मागच्या एका खरेदीच्या फाइलीतून उतरवलेला. त्यातही हार्ड डिस्कच. मी उभी राहून म्हटलं, एका मशीनवर प्रयोग करू द्या, मगच ठराव करा. एक सभासद म्हणाले, "जुन्यावर कशाला पैसे घालायचे?" मी त्यांना विचारलं, वाचनालयाची इमारत पन्नास वर्षांची आहे, तिचं छत गळलं तेव्हा आपण छत बदललं की इमारत पाडली? प्रयोग झाला. देवघेवीच्या टेबलावरचं मशीन, ज्यावर एका पुस्तकाची नोंद करताना माणसं रांगेत तिष्ठत होती, ते पहिल्याच दिवशी सुरळीत चाललं. पाचही मशीनचं काम अकरा हजारांच्या आत झालं. उरलेल्या पैशांतून बालविभागाला पुस्तकं आली. मी सभेत नसते तर ती पुस्तकं आली नसती, आणि जिथे असा एकही प्रश्न विचारणारं कुणी बसलेलं नाही, तिथे वर्गणीचा आणि अनुदानाचा पैसा असाच जातो. हा पैसा लोकांचा आहे. तो खर्च करण्यापूर्वी टास्क मॅनेजर उघडून पाहण्याचे कष्टही ज्यांना घ्यायचे नसतात, त्यांनी खरेदी समितीवर बसू नये.

निर्लेखनाची आणखी एक बाजू आहे, ती तर उघड गुन्ह्यासारखी. भंगारात गेलेल्या मशीनसोबत डिस्कही जाते. साध्या फॉरमॅटने तिच्यावरची माहिती नाहीशी होत नाही, साध्या सॉफ्टवेअरने ती परत काढता येते. वाचनालयाच्या सभासदांचे पत्ते, पतसंस्थेच्या कर्जदारांची कागदपत्रं, माझ्यासारखीच्या दुकानात छापायला आलेल्या आधार कार्डांच्या प्रती, लग्नाळू मुलामुलींची परिचयपत्रं, हे सगळं किलोच्या भावाने कुणाच्या तरी गोदामात जाऊन पडतं. डिस्क पूर्ण पुसल्याशिवाय किंवा तोडल्याशिवाय दाराबाहेर जाऊ देणं हा विश्वासघात आहे.

आणि कचरा? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, आणि त्यातल्या पाव हिश्श्याहूनही कमी कचऱ्याचं रीतसर संकलन आणि पुनर्प्रक्रिया झाली. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. चांगलं केलं. पण जी वस्तू चार स्क्रू काढून दुरुस्त होते, तीही दुरुस्त करायची नाही असं समाजानेच ठरवलं असेल, तर पोर्टल काय करणार?

आता हरकती घेऊ, कारण त्या प्रामाणिक माणसांच्याही मनात असतात. पहिली हरकत : एसएसडी लिहून लिहून झिजते. खरं आहे, तिच्या पेशींना लिखाणाची मर्यादा असते. पण आकडे बघा. अगदी साध्या २४० जीबीच्या एसएसडीला ८० टीबी लिखाणाची मर्यादा दिलेली आढळते. रोज २० जीबी लिहिलं तर ती गाठायला जवळजवळ अकरा वर्षं लागतात. माझ्यासारखीचं अक्षरजुळणीचं काम रोज २० जीबीच्या जवळही जात नाही. झीज एकाच जागी पडू नये म्हणून ड्राइव्हचा नियंत्रक लिखाण सगळीकडे वाटून देतो. झिजेच्या भीतीने एसएसडी टाळणं अडाणीपणाचं आहे.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. हार्ड डिस्क मरण्याआधी अनेकदा खडखडाट करते, एसएसडी मात्र कधी कधी एका क्षणात गप्प होते. पुसलेली फाइलही तिच्यातून परत मिळणं अवघड, कारण रिकाम्या झालेल्या जागा ती स्वतःच साफ करून ठेवते. मग उपाय काय? जो हार्ड डिस्क असतानाही करायला हवा होता, तोच. कामाची प्रत्येक फाइल दोन वेगळ्या ठिकाणी, आणि एक प्रत घराबाहेर किंवा दुकानाबाहेर. जुनी हार्ड डिस्क धड असेल तर ती मशीनमध्येच राहू द्या, साठवणीसाठी ती उत्तम आहे. विंडोज आणि प्रोग्राम एसएसडीवर, जुन्या फाइलींचा साठा तबकडीवर. फक्त एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवून तिच्यावर जपणुकीचा भरवसा टाकू नका.

तिसरी हरकत : जुन्या मदरबोर्डवर पूर्ण वेग मिळत नाही. बरोबर, मिळत नाही. जुन्या साटा जोडणीवर सेकंदाला ३०० एमबीची मर्यादा येते, नव्या साटावर ६०० एमबीची. पण मोठी फाइल किती वेगाने ओतली जाते यावर मशीनची चपळाई ठरत नाही. विखुरलेले तुकडे किती लवकर हाती येतात यावर ती ठरते, आणि तो फायदा जुन्या जोडणीवरही पदरात पडतो.

चौथी हरकत विंडोजची. विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला, आणि माझ्यासारख्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यांची अट इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. हा निर्णय मला चीड आणतो. यंत्र काम करतंय, आणि एका यादीत त्याचं नाव नाही म्हणून त्याला बाद ठरवलं जातंय. पण चिडून सुरक्षिततेकडे डोळेझाक करता येणार नाही. माझं मशीन मी इंटरनेटपासून तोडलं आहे, त्यावर फक्त अक्षरजुळणी होते आणि बाहेरून येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासला जातो. वाचनालयाच्या तीन मशीनवर आता लिनक्स मिंट आहे. युनिकोड मराठी, ब्राउझर, पत्रलेखन, सगळं त्यावर होतं. बँकेचे व्यवहार ज्या मशीनवर होतात तिथे ज्याला सुरक्षा अपडेट मिळतात तीच प्रणाली हवी, यात तडजोड नाही.

आणि जिथे एसएसडीने काम भागणार नाही, तेही सांगते. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला प्रोसेसर आणि ग्राफिक्सच लागतात. इंटरनेट मंद असेल तर डिस्क बदलून पान लवकर उघडणार नाही. रॅम २ जीबी असेल तर आधी रॅम बघा. मदरबोर्डचे कपॅसिटर फुगले असतील, मशीन आपोआप बंद पडत असेल, तर दोष दुसरीकडे आहे. हेच तर माझं म्हणणं आहे : आधी दोष शोधा, मग पैसे काढा.

शोधायचं कसं? मशीन रेंगाळत असेल त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्सच्या पानावर डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर निवांत दिसला, आणि डिस्कच्या नावापुढे एचडीडी असं लिहिलेलं असेल, तर उत्तर मिळालं. मग मदरबोर्ड बघा. जुन्या बोर्डावर एम.२ची खाच नसते, तिथे अडीच इंची साटा एसएसडीच लागते. च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई ड्राइव्ह कुणी स्वस्तात दिली म्हणून घेऊ नका, ती बसणार नाही. साडेतीन इंची जागेत बसवायला पट्टी घ्या, साटाची केबल घ्या, वीजपुरवठ्याच्या डब्यातून साटाची पिन येते का ते पाहा. आधी सगळ्या फाइलींची प्रत काढा. मग सी ड्राइव्ह नव्यावर क्लोन करा. बऱ्याच कंपन्या त्यासाठी सॉफ्टवेअर फुकट देतात. मशीनची वायर भिंतीतून काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून, मगच आत हात घाला. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क सोडवून ठेवा, म्हणजे मशीन खरोखर नव्यावरून सुरू होतंय याची खात्री होते. विंडोज नव्याने टाकणार असाल तर हे विसरूच नका, नाहीतर सुरू होण्यासाठी लागणारा भाग जुन्या डिस्कवर जाऊन बसतो आणि ती काढताक्षणी मशीन उठत नाही. एवढं झालं की संपलं. डीफ्रॅगमेंट करायची गरज नाही.

खरेदी बिलावर करा, मॉडेलचा पूर्ण क्रमांक बिलावर लिहून घ्या, वॉरंटी किती वर्षांची ते विचारा. दीड हजारात १६ टीबीची एसएसडी अशा जाहिरातींना भुलू नका. त्या डबीत बहुधा एक मेमरी कार्ड असतं आणि खोटा आकडा दाखवायला लावलेलं सॉफ्टवेअर. तुमच्या फाइली त्यात शिरताना दिसतात आणि नंतर सापडत नाहीत.

शेवटचा आरोप आपल्यावर, माझ्यासकट. आठ वर्षं मी ते चक्र फिरताना बघत बसले. रोज अर्धा तास वाया गेला असं धरलं, तर वर्षाच्या तीनशे कामाच्या दिवसांत दीडशे तास होतात, म्हणजे आठ तासांचे एकोणीस दिवस. दरवर्षी एकोणीस दिवस मी एका तबकडीला दिले. विजेचं बिल पन्नास रुपयांनी वाढलं तर आपण महावितरणच्या कार्यालयात जाऊन उभे राहतो. स्वतःचे एकोणीस दिवस गेले तरी कुणाला जाब विचारत नाही. संगणक आपल्याला कळत नाही, असं आपण गृहीत धरलंय, आणि त्या गृहीतावर दुसऱ्यांचा धंदा चालतो.

म्हणून माझी विनंती आहे, आणि ती कळकळीची आहे. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला "मशीन जुनं झालंय" म्हणालं, तर त्याला विचारा : कोणता भाग जुना झालाय, दाखवा. त्याला दाखवता आलं नाही तर कोटेशन परत करा आणि दुसऱ्या दुकानाची पायरी चढा. माझं २०१४चं मशीन आजही रोज दहा तास चालतं. त्याला फक्त एक नवी डिस्क हवी होती.